घात उतरवताना

कुतायसीत त्या हिवाळ्यात वीज दिवसातून चाळीस मिनिटं यायची,
कधी यायची ते कुणीच सांगत नसे.
वर्गात रॉकेलचा कंदील, पत्र्याची शेगडी,
आणि घरून प्रत्येकाने एक लाकूड आणायचं, एवढीच फी.
त्सिउरी बाईंनी हातमोज्यांची बोटं कापली होती.
खडू पुरवायचा म्हणून डीएक्स इतका बारीक काढायच्या
की मागच्या बाकापर्यंत तो पोचतच नसे.

"साइनचा घन," त्या म्हणाल्या, "घाबरायचं नाही.
घात विषम दिसला की एक साइन हातचा ठेवा.
डीएक्सच्या शेजारी बसवा, त्याला शिवू नका.
बाकीच्यांच्या जोड्या लागतात,
जोड्यांचे कोसाइन होतात.
तो एकटा पडलाय म्हणून तर गणित सुटतं."

घरी आम्ही पाच जण.
आई चौघांची ताटं मांडायची,
पाचव्यात मक्याची एक भाकरी ठेवून वर फडकं टाकायची.
ती बेग्लारची.
तो सुखुमीकडे गेलेला, सप्टेंबरपासून चिठ्ठी नाही.
सकाळपर्यंत भाकरी दगड व्हायची.
मग आजोबा ती गरम पाण्यात बुडवून खायचे,
भिंतीकडे तोंड करून.

सम घातांना ही सोय नाही,
तिथे हातचा ठेवायला कुणी उरतच नाही.
वर्ग जातो, पण आतला कोन दुणावतो,
आणि दाराशी एक निम्मा येऊन बसतो.
"फुकट काही उतरत नाही," बाई म्हणाल्या.
शेगडीत लाकूड फुसफुसलं. जुमबेर खाली बघू लागला,
ओलं लाकूड त्याचं होतं.

मग त्यांनी साइनचा एक अख्खा फेरा काढला,
वर जेवढा, खाली तेवढाच. बेरीज शून्य.
"तारेतली वीज अशीच. येते तेवढी परत जाते.
मग दिवा का जळतो?"
आम्ही गप्प. दिवा जळत नव्हताच.
"वर्ग करा. वर्गाला मागे जाणं ठाऊक नाही.
वीज जाताना तार तापवते, येतानाही तापवते.
फेऱ्याची सरासरी घ्या, नेमकं अर्धं."
अर्धं. मी त्याखाली दोनदा रेघ ओढली.

सेकंटचा घन मार्चमध्ये आला.
तुकडे पाडून संकलन केलं, पान भरलं,
आणि शेवटच्या ओळीत तोच उभा,
ज्याच्यापासून निघालो तोच, ऋण चिन्ह घेऊन.
जुमबेरने वही मिटली. "ये रे माझ्या मागल्या."
"परत आलाय ना?" बाई म्हणाल्या. "मग ओळख दाखव.
उचलून डावीकडे ने. दोन होतील.
दोनाने भाग."

बेग्लार त्याच महिन्यात आला,
सामट्रेडियाच्या रस्त्याने, चालत.
चेहरा तोच. बोलणं नाही.
आईने ताटावरचं फडकं काढलं
आणि ते ठेवायचं कुठे हे तिला कळेना,
रात्रभर तिच्या खांद्यावरच राहिलं.
त्याने भाकरी मोडली. अर्धी खाल्ली,
अर्धी त्याच फडक्यात बांधून उशाशी घेतली.
दुसऱ्या दिवशीही. एप्रिलभर.
कुणाची, ते त्याने सांगितलं नाही.
आजोबांनी आम्हाला विचारू दिलं नाही.

मी आता रिओनीवरच्या वीजघरात रात्रपाळीला असतो.
काटा पन्नासावर थरथरतो. खाली पाणी,
ते मात्र एकाच बाजूला जातं.
बाईंनी तपासलेला एक पेपर अजून ड्रॉवरमध्ये आहे.
सेकंटचा घन, सगळ्या पायऱ्या बरोबर,
शेवटी स्थिरांक लिहायचा राहिलाय.
लाल शाईने अर्धा गुण कापून त्यांनी लिहिलंय:
"सुरुवात कुठून झाली ते आपल्याला माहीत नसतं.
निदान तसं लिहावं तरी."